मधला हात

ही घटना खरी आहे. माझी सख्खी मामेबहीण मनवा धुरी हिच्यासोबत घडलेली. तिने ती मला जितक्यांदा सांगितली, तितक्यांदा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

भुताखेताचं म्हटलं की लोकांना अमावास्येची रात्र लागते. इथे तसं काही नाही. मागच्या वर्षीचा मार्च महिना. मुंबईहून कोलकात्याला निघालेलं विमान. खाली छत्तीसगडचं जंगल, वर लख्ख ऊन, आणि भर दुपार.

आमच्या मालवणकडची म्हातारी माणसं म्हणतात, भर दुपार तिन्हीसांजेपेक्षा वाईट. पण ते पाणंदीत, विहिरीपाशी.

सदतीस हजार फुटांवर कोण यायचं?

मनवा को-पायलट आहे. करी रोडला ज्या चाळीत ती जन्मली तिचा आता टॉवर झालाय. त्यात ती, तिची आई म्हणजे माझी कमलमामी, आणि धाकटा भाऊ राजेश असे तिघं राहतात. मुलगी डोक्याने एकदम थंड. गावच्या घरात एकदा साप निघाला, तर हिने त्याच्यावर बादली पालथी घातली आणि सर्पमित्र येईपर्यंत ओट्यावर बसून चहा प्यायली.

त्या दिवशी तिचे कॅप्टन होते गुरुदत्त त्रिलोकेकर. गिरगावातलं जुनं पाठारे प्रभू घराणं. साठीला टेकलेले, बोलणं कमी आणि मऊ. ते डाव्या खुर्चीत, मनवा उजव्या. मागची घडीची खुर्ची रिकामी. दार आतून बंद.

विमान एकदा वर जाऊन स्थिर झालं की पुढे ते ऑटोपायलट चालवतो. पायलटला हाताचं काम उरत नाही. काम उरतं डोळ्यांचं. समोरच्या काचेखाली, दोघांच्या बरोबर मध्ये, एक आडवी पट्टी असते. तिच्यावर गोल बटणं. एक फिरवून ओढलं की विमानाची दिशा बदलते, दुसऱ्याने उंची. दोघांचाही हात तिथे पोचतो. आणि बटण फिरताना बारीक आवाज येतो.

त्रिलोकेकर सर जेवत होते. एक जेवत असला की दुसऱ्याने लक्ष ठेवायचं, हा नियम. मनवाने मांडीवरच्या टॅबवर कोलकात्याचं हवामान बघायला मान खाली घातली.

क्षणभरच, असं ती सांगते.

टिक...

टिक... टिक...

डोळ्याच्या कडेला तिला एक हात दिसला. मध्यभागी, त्या पट्टीवर. सर काहीतरी करतायत, असं वाटून तिने ओळ पुरी वाचली.

मग तिच्या लक्षात आलं की तिच्या गुडघ्यावरचा उन्हाचा पट्टा सरकलाय.

विमानात ऊन आपोआप सरकत नाही. विमान वळलं तरच सरकतं.

तिने वर पाहिलं. विमान ठरलेला मार्ग सोडून डावीकडे चाललं होतं. हळू. इतकं हळू की मागे बसलेल्या एकाच्याही ग्लासातलं पाणी हललं नसेल. कुठलाही भोंगा वाजला नव्हता, कारण ऑटोपायलटच्या मते सगळं ठीकच होतं. त्याला सांगितलं तिकडे तो निघाला होता.

सांगितलं कोणी?

तिने सरांकडे पाहिलं. सर तिच्याकडेच बघत होते.

"का वळवलंस?" त्यांनी विचारलं.

मनवाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आपण हातही लावला नाही, असं तिने सांगितलं. सरांनी विमान पुन्हा मार्गावर आणलं, ताट बाजूला ठेवलं, आणि कोलकाता येईपर्यंत त्या पट्टीवरून नजर काढली नाही.

मनवाने त्यांच्यावरून काढली नाही.

परत आल्यावर इंजिनीअरांनी सगळं तपासलं. पट्टी काढून नवी बसवली. बिघाड सापडला नाही. बटण हाताने फिरवलं गेलंय, एवढंच त्यांनी सांगितलं. म्हणजे दोघांपैकी एकाने. आणि दोघंही नाही म्हणतायत.

इथून मनवाच्या डोक्यात किडा शिरला.

एवढा अनुभवी माणूस. समोर हात करतो, बटण फिरवतो, आणि वर मलाच विचारतो? तिने आडून आडून चौकशी केली. कोणीतरी सांगितलं की त्रिलोकेकरांची मागची वैद्यकीय तपासणी पहिल्या फेरीत अडकली होती. कोणी म्हणालं, हल्ली कँटीनमध्ये एकटेच बसतात. एरवी या गोष्टी कोणाच्याही बाबतीत खऱ्या असतात. पण संशयाला असल्या गोष्टी पुरतात. या माणसाच्या मनात काय आहे? पाठीमागे दीडशे माणसं घेऊन हा कुठे निघाला होता?

हे तिने कोणाला बोलून दाखवलं नाही. बोलली असती आणि खोटं निघालं असतं, तर एका माणसाची आयुष्यभराची अब्रू गेली असती. आणि नाही बोलली, आणि खरं निघालं, तर...

अशातच सरांचा फोन आला. रविवारी सकाळी घरी ये, बोलायचंय.

ती गेली. पण राजेशला सोबत घेऊन गेली आणि त्याला ठाकुरद्वारच्या नाक्यावर बाइकवर थांबायला सांगितलं. तासाभरात खाली आले नाही तर वर ये, म्हणाली. राजेशला वाटलं ताईचं काहीतरी प्रेमप्रकरण आहे.

सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर. स्वच्छ, उजेडाचं. सरांच्या पत्नी यशोदाबाई मोठ्या अगत्याच्या. त्यांनी कोळंबी घालून भाजलेलं भानोलं केलं होतं, आणि तुला कोळंबी चालते ना, असं विचारून त्या आत गेल्या. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी आणि पुढे टीपॉय. सर एका खुर्चीत बसले, मनवा दुसरीत.

सरांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मनवा, मी तुझा हात पाहिला. त्या बटणावर."

मनवा म्हणाली, "सर, मी तुमचा पाहिला."

सर सावकाश म्हणाले की त्यांच्या उजव्या हातात काटा होता आणि डाव्या हाताने त्यांनी ताट धरलं होतं. मनवाने आठवून पाहिलं. खरं होतं. तिने वर पाहिलं तेव्हाही काटा त्यांच्या हातातच होता. आणि तिचे? तिचे दोन्ही हात टॅबवर होते.

तेवढ्यात...

दोघांच्या मधून एक हात पुढे आला.

मागून. खांद्यांच्या मधून. सरळ टीपॉयच्या दिशेने.

मनवाने सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा पांढरा पडला होता.

यशोदाबाई होत्या. भानोल्याची बशी ठेवत होत्या.

"काय झालं तुम्हा दोघांना?" त्यांनी विचारलं.

दोघांनाही एकाच वेळी कळलं होतं. त्या दिवशी दिसलेला हात डावीकडून आला नव्हता. उजवीकडूनही नाही. तो अस्साच आला होता. मधून... मागून. डोळ्याच्या कडेने बघताना सरांना तो मनवाचा वाटला, आणि मनवाला सरांचा.

मागे तर कोणीच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, इथे तिचा सरांवरचा संशय फिटला असेल. नाही फिटला. जिना उतरता उतरताच तिच्या मनात आलं, किती छान गोष्ट दिली म्हाताऱ्याने आपल्याला. त्या खुर्च्या मुद्दाम तशा मांडल्या असतील का? बाईंना मागून यायला सांगितलं असेल? आपली चूक झाकायला माणूस काय काय करतो. राजेशने विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, भानोलं चांगलं होतं.

मे महिन्यात दोघांची ड्युटी पुन्हा एकत्र लागली. विमान दुसरं होतं. या वेळी दिल्लीहून मुंबई. दुपारचंच.

सगळा वेळ मनवाने नजर हलवली नाही. जेवण घेतलं नाही. पाण्याची बाटलीही न बघताच उचलायची. राजस्थान गेलं, गुजरात लागलं. काही झालं नाही. सर दमलेले दिसत होते. सकाळपासूनचं त्यांचं तिसरं उड्डाण होतं. उतरायच्या आधी ते स्वच्छतागृहात जायला उठले.

कॅप्टन बाहेर गेला की केबिन क्रूपैकी एकाने आत येऊन थांबायचं, हाही नियम. प्राची म्हणून मुलगी आत आली. दादरची. मनवाची तोंडओळख होती. सर बाहेर गेले. दार लागलं.

मनवाला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. ज्याची भीती होती तो बाहेर होता. मधे लोखंडासारखं दार होतं.

रेडिओवर नवी फ्रीक्वेन्सी आली. ती लावायला तिने नजर खाली वळवली.

टिक...

फ्रीक्वेन्सीच्या बटणावरचं तिचं बोट थांबलं.

टिक... टिक... टिक... टिक...

आणि विमानाचं नाक खाली झुकायला लागलं.

या वेळी दिशा नव्हती. उंची होती.

मनवाने वर बघायच्या आधी हात मारला. डाव्या हाताने तिने त्या पट्टीवरचं मनगट पकडलं. घट्ट. सगळी ताकद लावून. उंचीचा आकडा कितीतरी खाली गेला होता, आणि बरोबर त्याच मार्गावर, हजार फूट खालून, समोरून दुसरं विमान येत होतं. ते तिला स्क्रीनवर दिसत होतं. कॉकपिटमधला रेकॉर्ड केलेला आवाज बोलायला लागला, ट्रॅफिक... ट्रॅफिक...

तिच्या डोक्यात एकच आलं. प्राची. ही मुलगी काय करतेय?

आणि तेव्हा प्राचीचा आवाज आला.

मागून. लांबून. दाराजवळून.

"मॅडम, सर आलेत बाहेर. दार उघडायचं का?"

म्हणजे प्राची दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी होती.

मग माझ्या हातात कोणाचं मनगट आहे?

इथे मी तिला नेहमी विचारते की तू वळून का नाही बघितलंस. ती म्हणते, बघितलं असतं तर आज सांगायला नसते. विमान खाली चाललं होतं. तिच्याकडे डोळे एकाच कामापुरते होते. तिने उजव्या अंगठ्याने ऑटोपायलट तोडला, उजव्याच हाताने विमान उचललं, आणि डावी मूठ सोडली नाही. ते मनगट गार असतं तर बरं झालं असतं, असं ती म्हणते. पण ते गार नव्हतं. कोमट होतं. जाड, केसाळ, पुरुषाचं. त्याची नाडी तिच्या बोटांना लागत होती. ते सुटायची धडपड करत नव्हतं.

ते वाट बघत होतं.

खालचं विमान पोटाखालून निघून गेलं. तो आवाज थांबला. मनवाने दार उघडायचं बटण दाबायला डावी मूठ उघडली...

मुठीत काही नव्हतं.

सर आत आले, प्राची बाहेर गेली. सर खुर्चीत बसले, पट्टा बांधायला त्यांनी हात पुढे केला, आणि मनवाला दिसलं.

त्यांच्या उजव्या मनगटावर लालभडक वळ उठले होते. चार बोटांचे. आणि खालच्या बाजूला अंगठ्याचा.

सरांनी तिची नजर पाहिली. मग स्वतःचं मनगट पाहिलं. उलटं सुलटं करून बराच वेळ पाहिलं, जसं काही ते दुसऱ्याच कोणाचं आहे. मग त्यावर डावा पंजा झाकून ते म्हणाले, "तूच उतरव आज. मी हात लावत नाही."

मनवाने एकटीने विमान मुंबईत उतरवलं.

या वेळची चौकशी मनवाच्या अंगावर आली. साहजिकच होतं. कॅप्टन बाहेर, प्राची दारापाशी, बटणाजवळ मनवा एकटी. मनगटाचं ती कोणाला सांगणार? तिला घरी बसवलं. डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. सरांनी तिच्या बाजूने काय सांगितलं, काही सांगितलं की नाही, तिला कळलं नाही. ते मात्र उडत राहिले.

राहवेना म्हणून ती प्राचीला भेटली. दादरला, रानडे रोडच्या मागच्या एका उपाहारगृहात. प्राची आधी काही बोलेना. नोकरीचा प्रश्न होता. मनवाने हट्ट धरला नाही, दोन कॉफी मागवल्या, आणि कॉफी संपत आली तेव्हा प्राचीनेच विषय काढला. म्हणाली, त्या दिवशी भिंगातून बघितलं तर सर बाहेर उभे होते. भिंतीला टेकून. डोळे मिटलेले. दमून उभ्या उभ्याच डुलकी लागली असावी.

"पण त्यांचा हात असा पुढे होता, मॅडम," प्राचीने आपला हात टेबलावर करून दाखवला. बोटं कशावर तरी मिटलेली. "मला वाटलं दाराचा कोड दाबायला केलाय. मी तुम्हाला दाराचं विचारलं ना, त्याच्या जरा आधी त्या हाताला एकदम हिसका बसला. कोणी ओढल्यासारखा. आणि तरी सरांना जाग नाही आली."

तिने हे चौकशीत सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हती.

परत येताना मनवाला कोलकात्याचं ते विमान आठवत राहिलं. ती टॅबवर किती वेळ बघत होती? क्षणभर, असंच तिने सगळ्यांना सांगितलं होतं. पण क्षणभरात उन्हाचा पट्टा एवढा सरकतो? की मान खाली घालताच तिचाही डोळा लागला होता? आणि त्या दिवशी सर तर टक्क जागे होते. जेवत होते.

सर म्हणाले होते, मी तुझा हात पाहिला.

मनवा त्याच्या पुढचा विचार करत नाही.

जूनमधली गोष्ट. घरी बसून बसून कंटाळलेली मनवा दुपारी जेवून सोफ्यावर आडवी झाली. कमलमामी आत कपड्यांच्या घड्या घालत होती. मनवा कळवळून उठली. स्वप्न वगैरे काही नव्हतं. नुसती कळ. मामी बाहेर आली आणि तिने मनवाचा डावा हात उचलून उजेडात धरला.

"ह्या काय झाला गो हाताक?"

मनगटावर बोटांचे ताजे वळ होते.

घरात दोघीच होत्या.

मनवाने मोबाइल उचलला आणि सरांना एवढंच लिहिलं, सर, आज काही झालं का? मेसेज पोचत नव्हता. फोन बंद होता.

सर विमानात होते.

संध्याकाळी उत्तर आलं. एकच ओळ.

"तू दुपारी कुठे होतीस?"

तिने लिहिलं, घरी, झोपले होते. दोन निळ्या खुणा आल्या. त्यानंतर सर तिच्याशी कधीच बोलले नाहीत. महिन्याभरात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. ती गिरगावातल्या घरी गेली, तर यशोदाबाईंनी दार अर्धंच उघडलं. ते झोपलेत म्हणाल्या, आणि मी त्यांच्याजवळ बसलेय, मला आत जायला हवं. दार लागलं.

डॉक्टरांनी मनवाला ठणठणीत ठरवलं. पुराव्याअभावी चौकशी मिटली. गेल्या दिवाळीपासून ती पुन्हा उडते. नवे कॅप्टन तिची तारीफ करतात. हिच्यासारखी जागी मुलगी पाहिली नाही, म्हणतात.

पण सकाळची विमानं करून आली की माणसाला दुपारी झोपावंच लागतं. तेव्हा ती आईला शेजारी बसवते. बाकी काही नाही, माझे हात बघत राहा, एवढंच सांगते. कमलमामी कारण विचारत नाही. पाय वर घेऊन, भाजी निवडत बसते.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. मनवा नुकतीच उठली होती. मामीने चहा आणून दिला आणि सहज बोलावं तसं म्हणाली, मगाशी झोपेत बोटं हलत होती गो तुझी. गॅसचं बटण फिरवतात ना, तशी. मी लगेच तुझा हात धरला.

मनवाच्या हातातला कप खाली आला. तिने खिडकीबाहेर पाहिलं. आकाश मोकळं होतं.

"आई, कुठल्या बाजूला फिरवत होते?"

मामीला आठवत नव्हतं. तिने ते बघितलं नव्हतं.